स्प्लेंडरचा मागचा टायर रिम सोडतच नाही, घरच्या घरी कसा काढू?

चोपडेकर_कापूस

राम राम मंडळी, मदत पाहिजे आणि जरा घाईची आहे. वडिलांची २००८ ची स्प्लेंडर आहे, तारांची चाकं, मागे २.७५-१८ चा टायर, आत ट्यूब. दोन पावसाळे गाडी शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राह्यली, मागच्या चाकात हवा नव्हती आणि ठिबकच्या फिल्टरचं पाणी बरोबर त्याच चाकाखाली मुरायचं हे कुणाच्या लक्षात आलं नाही. आता मे संपत आला, बागायती कापसाची लागवड डोक्यावर आहे, घरात चालू गाडी एकच आणि ती धाकटा भाऊ जळगावला कामावर घेऊन जातो, म्हणून ही सुरू करायची ठरवली. इंजिन एका दिवसात चालू झालं, टाकी धुतली, प्लग बदलला, कार्बोरेटर साफ केलं, झालं. अडलंय ते फक्त या टायरवर.

चाक खोलून बाहेर काढलंय. एका बाजूची कड टायरवर उभं राहून उड्या मारमारून सुटली. पण चेनच्या बाजूची कड जागची हलत नाही, जशी काही वेल्डिंग केलेली आहे. आणि जी बाजू सुटली तिथूनही टायर रिमच्या वर येत नाही, दोन मोठे स्क्रू ड्रायव्हर घालून उचलतो तर इकडून थोडा निंघतो आणि तिकडून परत आत जातो, असं काल संध्याकाळपासून चालू आहे, हाताची सालं निंघाली.

दुकानात का नेत नाही असं विचाराल तर नेलं होतं. तालुक्याला एका ठिकाणी चाक दिलं, त्यांनी नीट न पाहता सरळ घण घातला, एक घाव रिमवरच बसला आणि रिमची कड दोन इंचभर आत वाकली. मी चाक उचललं आणि घरी आलो. वडील काही बोलले नाहीत, नुसतं त्या वाकलेल्या जागेवर बोट फिरवत बसले. मला ते फार लागलं. याच गाडीवर त्यांनी आम्हा दोघा भावांना शाळेत सोडलंय. म्हणून आता ही गोष्ट घरीच आणि नीट करायची आहे, रिमला अजून एकही खोच न पाडता. टायरला नक्षी बऱ्यापैकी आहे, जमलं तर तोच परत वापरायचा विचार आहे. ज्यांनी स्वतःच्या हाताने केलंय त्यांनी सांगा.

रावेर_केळीपट्टा

भो आधी दोन गोष्टी पहा. व्हॉल्वची पिन पूर्ण बाहेर काढली का, नुसती दाबून हवा सोडलेली चालत नाही, आत थोडी तरी राहते आणि तेवढ्यानेही टायर फुगून कड दाबून धरतो. आणि व्हॉल्वच्या दांड्यावर रिमला टेकलेला जो चपटा नट असतो तो काढला का? तो तसाच असला तर त्या जागी ट्यूब रिमला बांधलेली राहते आणि टायर त्या जागेला आत जातच नाही.

दुसरं म्हणजे आपल्याकडे सध्या ऊन फुकट आहे, वापरा. रबर थंड असताना लाकडासारखं असतं. दुपारी १२ ते ३ चाक अंगणात फरशीवर किंवा पत्र्यावर पालथं टाका, मधे एकदा उलटा. आमच्याकडे ४४ च्या वर आहे आज, तुमच्याकडेही तेवढंच असेल. हात लावला की चटका बसेल असा टायर झाला की मग हात घाला, हातमोजे घालून. सकाळी जो टायर हलत नव्हता तो दुपारी ऐकतो, मी केळीच्या गाडीच्या टायरवर पाह्यलंय. आणि साबणाचं पाणी, भांड्याच्या साबणाचं, चांगलं घट्ट, कडेच्या फटीत बाटलीने सोडत रहा. ज्या बाजूची कड सुटली नाही तिथे रात्रीच सोडून ठेवा.

महामार्ग_पंक्चर

भाऊ माझं पारोळ्याजवळ हायवेला पंक्चरचं दुकान आहे, आधी वडील करायचे, आता मी, मशीन आत्ता आलं, त्याआधी सगळं हातानेच. तुमचा प्रश्न वाचून लिहायला बसलो कारण तुम्ही जे सांगितलं ना, इकडून निंघतो आणि तिकडून परत जातो, त्यात सगळं आलं. हे ज्याला कळलं त्याला टायर काढायला ताकद लागत नाही आणि ज्याला नाही कळलं तो घण घेतो.

टायरच्या कडेत स्टीलच्या तारांचं कडं असतं. ते ताणलं जात नाही. थोडंसुद्धा नाही. तुम्ही दोघं जण लटकले तरी नाही. आणि रिमची बाहेरची कड त्या कड्यापेक्षा मोठी असते, म्हणून तर टायर चालू गाडीत निंघत नाही. मग तो निघतो कसा? तुमच्या रिमला आडवं कापून पाह्यलं तर मधोमध खोलगट जागा दिसेल, शेतातल्या चारीसारखी, दोन्ही बाजूला काठ उंच आणि मधे खोल. टायरची कड नेहमी काठावर बसलेली असते. एका बाजूची कड जेव्हा त्या चारीत उतरते तेव्हा समोरच्या बाजूला तेवढीच ढील मिळते, आणि त्या ढिलीवर टायर रिमच्या वर येतो. म्हणजे टामी, टायर उचलायची लोखंडी पट्टी, तुम्ही इथे घालता पण काम होतं समोरच्या बाजूला. तुम्ही इथे जोर लावून राह्यले आणि समोरची कड काठावरच बसलेली आहे, म्हणून जड लागतंय.

आता करायचं कसं. सुटलेल्या बाजूने सुरुवात. चाक जुन्या टायरवर नाहीतर पोत्यांच्या चवडीवर आडवं ठेवा, म्हणजे हब आणि तारांवर भार येत नाही. व्हॉल्व जिथे आहे तिथे टामी घालायची. का? कारण व्हॉल्वच्या जागी ट्यूबचा जाड भाग चारीत बसलेला असतो, तिथे कड खोल जात नाही. म्हणून ती बाजू टामीला द्यायची आणि त्याच्या बरोब्बर समोरची बाजू, जिथे चारी मोकळी आहे, ती गुडघ्यांनी दाबून धरायची. दोन्ही गुडघे टायरवर, अंगाचा भार त्यावर, आणि हाताने व्हॉल्वजवळ टामी. पहिली टामी घालून खाली दाबा, तारेत अडकवून ठेवा किंवा पायाखाली धरा. दुसरी टामी त्याच्यापासून दोन-तीन इंचावरच. लोक इथेच चुकतात, एकदम वीतभर घेतात आणि मग दम लागतो. दोन इंच, दोन इंच, दोन इंच. तिसरी टामी लागेल. तीन घातल्या की मधली ढिली होते ती काढून पुढे घ्या. पाच-सहा वेळा झालं की बाकीचं हाताने सरकतं.

आणि एक गोष्ट मनात पक्की धरा. टामी जड लागली की अजून जोर लावायचा नाही, थांबायचं. जड लागणं म्हणजे समोरची कड चारीतून वर आलीय. उठा, समोरून जाऊन परत दाबा, मग या. माझ्याकडे काम शिकायला पोरं येतात त्यांना पहिले आठ दिवस मी हेच सांगतो.

स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा. त्याची कड धारदार, ट्यूब कापते, टायरच्या कडेचं रबर फाडते आणि रिमलाही ओरखडे पडतात. गावात लोहार असेल तर ट्रकच्या जुन्या कमानपाट्याच्या तीन टामी करून घ्या, फूट-सव्वा फुटाच्या, टोकाला चमच्यासारखा बाक आणि कडा कानशीने गोल केलेल्या. आयुष्यभर पुरतात. माझ्या वडिलांच्या अजून दुकानात आहेत.

चेनच्या बाजूची कड चिकटलीय त्याचं कारण गंज. लोखंडी रिम, पाणी मुरलेलं, हवा नाही, गंज फुगला आणि त्याने रबर पकडलं. त्याला वेगळा उपाय लागेल, आधी साबण पाणी आणि ऊन करून पहा, मग सांगा.

नवापूर_४०

एवढं कशाला, जळालेलं ऑइल सोडा कडेने, रात्रभर ठेवा, सकाळी निंघेल. नाहीच निंघाला तर स्टोव्हच्या बर्नरने कड जरा गरम करायची, आमच्याकडे ट्रकवाले असंच करतात.

आयटीआय_भुसावळ

वरच्या दोन्ही गोष्टी कृपा करून कुणी करू नका, मी मोटार मेकॅनिकचा ट्रेड शिकवतो म्हणून जबाबदारीने सांगतोय. ऑइल, डिझेल, रॉकेल, ग्रीस हे सगळे पेट्रोलियमचे पदार्थ, ते रबरात मुरतात, रबर फुगतं आणि मऊ होऊन खराब होतं, ट्यूब तर लवकरच जाते. शिवाय ते वाळत नाही. टायर परत बसवल्यावर कडेखाली तेल राहिलं तर ब्रेक मारला की रिम थांबते आणि टायर तिच्यावर फिरतो, सोबत ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व मुळापासून उपटतो. चालत्या गाडीत मागच्या चाकाची हवा एका क्षणात गेली तर काय होतं ते लिहायला नको. आणि मागच्या ड्रमच्या ब्रेक शूवर तेल गेलं तर ब्रेकही गेला. साबणाचं पाणी काम झाल्यावर वाळून जातं म्हणूनच ते वापरतात. फक्त लोखंडी रिम नंतर साध्या पाण्याने धुवून कोरडी करायची.

आगीबद्दल तर बोलायलाच नको. ज्योत एका जागी लागते, आतल्या बाजूचं रबर जळून वायू तयार होतो, बंद जागेत तो भडकून टायर फुटू शकतो, माणसं दगावतात यात. उन्हाची गोष्ट वेगळी, ऊन सगळीकडे सारखं लागतं आणि रबर जळण्याइतकं तापत नाही. थंडीत करायची वेळ आली तर गोणपाट गुंडाळून वरून गरम पाणी ओता, तेवढंच पुरे.

नवापूर_४०

सर बरोबर आहे, व्हॉल्व उपटण्याचं मला माहीत नव्हतं. मागच्या वर्षी माझ्या गाडीचा व्हॉल्व असाच मुळातून गेला होता, ट्यूबच खराब निघाली असं मी समजत होतो. आता तेल बंद.

चोपडेकर_कापूस

सगळ्यांचे मनापासून आभार. चारीचं उदाहरण वाचून मी लगेच उठलो आणि रिमच्या आत बोट घालून पाह्यलं, खरंच मधे खोल आहे, इतकी वर्षं गाडी चालवतोय पण कधी लक्षातच आलं नव्हतं. व्हॉल्वचा नट मी काढला होता पण पिन आतच होती, ती काढली तर अजून फुस्स करून थोडी हवा गेली.

लोहारदादांकडे आज टामी करायला टाकल्यात. रात्री साबण पाणी सोडलं, आज दुपारी साडेतीन तास चाक उन्हात. सुटलेल्या बाजूचा टायर आता हाताने दाबला की चारीत जातो, ते कळलं. पण चेनची बाजू तशीच. वर उभा राह्यलो, उड्या मारल्या, काही नाही. कडेच्या फटीतून तांबडं पाणी येतंय नुसतं. आता याला काय करू?

रावेर_केळीपट्टा

तांबडं पाणी येतंय म्हणजे पाणी आत पोचतंय, हे चांगलं लक्षण आहे भो. आता भार एका जागी पाहिजे. तुम्ही उभे राहता तर भार पूर्ण तळव्यावर पसरतो. तुमच्याकडे ट्रॅक्टरची ट्रॉली आहे का, आणि एक बाटली जॅक? मग हे करा, आमच्याकडे असंच करतात.

ट्रॉली सपाट जमिनीवर उभी करून चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा. चासीच्या मजबूत गर्डरखाली तुमचं चाक आडवं सरकवा, अडकलेली बाजू वर. टायरच्या गालावर, म्हणजे बाजूच्या भिंतीवर, रिमच्या कडेपासून एक बोट सोडून, जाड लाकडी ठोकळा ठेवा, हातभर लांबीचा नको, वीतभर पुरे. ठोकळ्यावर जॅक, जॅकचं डोकं ट्रॉलीच्या चासीला. हळूहळू दांडा मारा. ट्रॉलीचं वजन त्या एका वीतभर जागेवर येतं आणि कड करकर आवाज करत खाली उतरते. एकदम नाही उतरली तर जॅक तसाच ताणून दहा मिनिटं सोडा, फटीत साबण पाणी टाका, मग परत एक-दोन दांडे. एका जागी सुटली की चाक वीतभर फिरवून पुढची जागा.

तीन गोष्टी सांभाळा. ठोकळा रिमवर किंवा तारांवर अजिबात यायला नको. जॅक तिरका झाला की लगेच उतरवा, सरकला तर गोळीसारखा उडतो, तोंड समोर ठेवू नका, बाजूला बसून दांडा मारा. आणि लहान पोरं जवळ नकोत. ट्रॉलीखाली अंग घालायची गरज नाही, हात लांबवून होतं सगळं.

महामार्ग_पंक्चर

रावेरच्या भाऊंनी सांगितलं ते बरोबर, आम्ही मशीन येण्याआधी हेच करायचो. फक्त ठोकळ्याची रिमकडची बाजू थोडी तासून उतरती करा म्हणजे ती कडेच्या खाली घुसते, वरून घसरत नाही. आणि पहिला दाब व्हॉल्वपासून लांब, समोरच्या बाजूला द्या.

एक विचारायचं राहिलं. टायरच्या गालावर इंग्रजीत अक्षरं असतात त्यात लंबगोलात शेवटी चार आकडे असतात, ते काय आहेत ते वाचून सांगा. पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे साल.

बुलेट_साक्री

मधेच विचारतो, माफ करा. माझी अलॉय चाकाची ट्यूबलेस गाडी आहे, तिलाही हीच पद्धत चालेल का?

महामार्ग_पंक्चर

नियम तोच, पण ट्यूबलेसच्या रिमला कडेच्या आतल्या अंगाला छोटा उंचवटा असतो, हवा कमी झाली तरी टायर सुटू नये म्हणून. त्यावरून कड उतरवायला जास्त भार लागतो आणि अलॉय वाकत नाही, तडकते. वरून कुणी पंक्चरचं लिक्विड भरलं असेल तर ते वाळून गोंदासारखं चिकटतं. घरी करायचंच असेल तर रिमच्या कडेला संरक्षण लावा. आपल्याकडे ठिबकची १६ एमएमची नळी प्रत्येक शेतात पडलेली असते, वीत-वीतभर तुकडे कापून लांबीत एक चीर द्यायची आणि रिमच्या कडेवर चढवायचे, टामी त्यावर टेकवायची, ओरखडा येत नाही. डिस्कची बाजू कधीच खाली ठेवू नका. पण मनापासून सांगू का, ट्यूबलेस असेल तर मशीनवाल्याकडे द्या, कड हवाबंद बसली पाहिजे आणि तिला एक खोच पडली तरी हवा रोज थोडी थोडी जाते.

चोपडेकर_कापूस

निंघाला! दुपारी अडीचला. शेजारच्या आबांची ट्रॉली, आमचा जॅक, आणि बाभळीचा ठोकळा तासून घेतला. पहिल्या जागी बारा-तेरा दांडे मारले तरी काही नाही, मग तसाच ताणून सोडला, पाणी टाकलं, आबा म्हणे चहा घेऊ, आणि आम्ही ओट्यावर बसलेलो असताना तिकडून काड्कन आवाज आला. जाऊन पाह्यलं तर कड दोन बोटं खाली. तिथून पुढे तीन ठिकाणी जॅक लावला आणि पूर्ण गोल मोकळा. जिथे रिम वाकलेली आहे तिथे सगळ्यात जास्त पकडलं होतं.

टामीचं काम त्यानंतर दहा मिनिटंसुद्धा नाही. व्हॉल्वजवळ टामी, समोर गुडघे, दोन-दोन इंच. एकदा जड लागलं तर लगेच थांबलो, समोर पाह्यलं तर खरंच कड वर आलेली होती, दाबली आणि परत हलकं झालं. आधी जे दोन दिवस झगडलो ते डोळ्यासमोर आलं. एवढं सोपं असतं आणि कुणी सांगत नाही.

वडील पूर्ण वेळ खाट टाकून बघत होते. शेवटी चाक उभं करून दुसरी कड काढायला ते स्वतः उठले आणि रिम धरून राह्यले.

आता आतली हालत. ट्यूब टायरला चिकटून फाटलेली. रिमच्या मधली रबरी पट्टी तुटून भुगा. रिम आतून तांबडी आहे, पापुद्रे निंघतात. टायरवरचे आकडे १४१२ आहेत. आणि गालावर बारीक भेगा दिसतात, दुमडला की उघडतात. नक्षी मात्र अजून आहे. वापरू का?

महामार्ग_पंक्चर

१४१२ म्हणजे २०१२ सालचा चौदावा आठवडा. भाऊ, नक्षी बघू नका, भेगा बघा. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, ऊन आणि हवा त्याला खाते, आणि आपल्याकडचं ऊन तर विचारू नका. दुमडल्यावर भेग उघडते म्हणजे आतले दोरे उघडे पडायला आलेत. शेतातल्या शेतात दहाच्या स्पीडने चालवणार असतात तर मी गप्प बसलो असतो, पण तुम्ही चोपड्याहून जळगावपर्यंत जाणार, मागे घरचं माणूस बसवणार. नवीन टायर, नवीन ट्यूब आणि नवीन पट्टी घ्या. ट्यूबवर २.७५/३.००-१८ असं लिहिलेलं चालतं.

आणि हे आधी माहीत असतं तर मी तुम्हाला एवढं करायलाच लावलं नसतं. टायर फेकायचाच असेल आणि गंजाने धरलेला असेल तर सरळ कापायचा. करवतीच्या पात्याने गालाचं रबर गोल कापून नक्षीचा भाग वेगळा करायचा, मग दोन कडा राहतात नुसत्या, त्यातल्या तारा एकेका जागी करवतीने तोडायच्या, मागे लाकूड धरून म्हणजे रिमला पातं लागत नाही. तारेची टोकं सुईसारखी असतात, जाड हातमोजे पाहिजेतच. ग्राइंडर लोक वापरतात पण क्षणात रिम कापते, मी नाही सांगणार. पण बरं झालं तुम्ही हाताने काढला, आता परत कधी अडणार नाही.

वाकलेल्या कडेचं पण सांगतो. लोखंडी रिम आहे म्हणून जमेल. जाड पाना, तोंडाला कापड गुंडाळून, कडेला पकडून थोडं थोडं बाहेर ओढायचं, एकदम नाही. नाहीतर आतून लाकडी ठोकळा आणि छोटी हातोडी. मग आसावर चाक फिरवून एक काडी जवळ धरून बघा, किती आउट आहे ते कळतं. तारा ढिल्या वाटल्या तर ते काम तारा आवळणाऱ्यालाच द्या.

आयटीआय_भुसावळ

रिम नीट तपासा. तारेच्या ब्रशने सगळे पापुद्रे काढा, मग स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने, विशेषतः तारांच्या निपलच्या, म्हणजे तार आवळायच्या छोट्या नटाच्या, भोवती टोचून बघा. टोक आत जात असेल किंवा भोक मोठं झालं असेल तर रिम बदलायची, तिथे दुसरा विचार नाही. नुसता वरचा गंज असेल तर पॉलिश पेपर, प्रायमर आणि रंगाचा एक हात, पूर्ण वाळू द्या. तारांची टोकं निपलच्या वर आलेली असतील तर कानशीने सपाट करा, रबरी पट्टी त्यासाठीच असते, ती नसेल तर ट्यूब आतून पंक्चर होते आणि माणूस रस्त्यावर खिळा शोधत बसतो.

शहादा_ताई

मी आमच्या शेतावरच्या गाडीचे टायर घरीच बदलते, म्हणून बसवतानाचं सांगते, कारण काढताना जेवढी भीती वाटते तेवढं नुकसान काढताना होत नाही, बसवताना होतं. पहिल्यांदा मी नवी कोरी ट्यूब टामीने चिमटली, हवा भरली, दोन तासांनी चाक बसलं, परत सगळं खोललं. मग शिकले.

टायर बसवायच्या आधी गालावर बाण आहे का बघा, चाक ज्या दिशेने पुढे फिरतं त्या दिशेला बाण पाहिजे. ट्यूबला अंगाला लावायची पावडर चोळा, टायरच्या आतही थोडी टाका, म्हणजे ट्यूबला घडी पडत नाही. ट्यूबमध्ये अगदी थोडी हवा भरा, नुसता गोल आकार येईल एवढी, रिकामी ट्यूब टामीखाली हमखास येते. व्हॉल्व रिमच्या भोकातून काढून नट दोन आटे लावून सोडून द्या, पूर्ण आवळू नका. टायरच्या कडेला साबण पाणी. मग व्हॉल्वच्या समोरून कड बसवायला सुरुवात करा आणि दोन्ही बाजूंनी येत येत शेवट व्हॉल्वपाशी करा, काढताना व्हॉल्वपासून सुरू केलं ना, त्याच कारणासाठी हे उलटं. शेवटचे पाच-सहा इंच घट्ट होतात. तिथे टामी घ्यायचा मोह होतो, तो आवरा, आधी गुडघ्याने समोरची कड चारीत ढकला, बहुतेक वेळा शेवटचा भाग दोन्ही अंगठ्यांनीच आत जातो. टामी लागलीच तर तिचं टोक अगदी थोडं आत, आणि मधे मधे व्हॉल्व आत ढकलून परत ओढून बघा, मोकळा हलला तर ट्यूब कडेखाली अडकलेली नाही.

आयटीआय_भुसावळ

ताईंनी फार नेमकं लिहिलंय. पुढे हवा भरताना टायरच्या गालावर रिमला लागून एक बारीक रेघ असते, ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर आली की टायर सरळ बसला. एका जागी आत गेलेली दिसली तर हवा सोडा, साबण पाणी लावा, टायर जमिनीवर आपटत फिरवा, परत भरा. बसत नाही म्हणून हवा वाढवत जायची नाही, ४० पीएसआयच्या वर तर मुळीच नाही. बसल्यावर पूर्ण हवा सोडून परत भरा, ट्यूबच्या घड्या निंघतात. एकटे असाल तर मागे २८, डबल सीट किंवा ओझं असेल तर जास्त, चेन कव्हरवर किंवा पुस्तकात आकडा असतो.

आणि चाक गाडीला लावताना ब्रेकच्या प्लेटला धरून ठेवणारी जी लोखंडी पट्टी असते, तिचा नट आणि पिन विसरू नका. घाईत हीच राहते. ती नसेल तर ब्रेक लावल्याबरोबर आख्खी प्लेट चाकासोबत फिरते आणि चाक जाम होतं.

चोपडेकर_कापूस

रिम टोचून पाह्यली, निपलजवळ पक्की आहे, फक्त वरचा गंज. दोन दिवस ब्रश आणि पॉलिश पेपर, काल प्रायमर आणि सिल्व्हर रंग मारला. वाकलेली कड पान्याने थोडी थोडी ओढली, पूर्ण सरळ नाही झाली, पण काडी धरली तर जेमतेम एक सूत आउट आहे. वडिलांना दाखवलं, त्यांनी परत त्या जागी बोट फिरवलं आणि म्हणाले, चालेल.

नवीन टायर, ट्यूब, पट्टी चोपड्याहून आणली. ताईंच्या सांगण्याप्रमाणे बसवला, पावडर लावली, थोडी हवा, शेवट व्हॉल्वपाशी, शेवटचा भाग खरंच अंगठ्यांनी गेला, टामीला हातही लावला नाही. रात्रभर ठेवला, सकाळी हवा तेवढीच. ब्रेकच्या पट्टीची पिन दोनदा तपासली. जुना टायर बैलाच्या गव्हाणीजवळ टाकलाय, त्यावर वासरू अंग घासतं.

आज सकाळी वडील स्वतः गाडी घेऊन शेतात गेले. एक विचारायचं, नवीन टायर सुरुवातीला घसरतो असं वडील म्हणतात, किती दिवस जपून चालवायचं?

महामार्ग_पंक्चर

वडील बरोबर सांगतात. नव्या रबरावर साच्याचा गुळगुळीत थर असतो. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर वळणावर जास्त झुकू नका, जोरात ब्रेक टाळा, ओल्या रस्त्यावर आणि केळीच्या चिखलात तर फारच जपून. आठ दिवसांनी हवा आणि चेनचा ताण एकदा बघा, आसाचा नट पण. काळजी नको करू भाऊ, सगळं बरं शे.